वारुळावरची अळंबी : ओळख, धोका आणि खुडण्याची मर्यादा

हुबळीहून अंकोल्याकडे जाणारा महामार्ग कलघटगी ओलांडून यल्लापूरच्या दिशेने निघाला की धारवाडचा मैदानी मुलूख मागे पडतो आणि मलनाडाचे रान सुरू होते. याच तालुक्यातून वाहणारी बेडती नदी पुढे गंगावळी या नावाने अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यात घाटाच्या या बाजूला जिला कन्नडमध्ये ‘अणबे’ म्हणतात, ती रानातील अळंबी गोमंतकात ‘अळमी’ या नावाने परिचित आहे. तिच्या अनेक प्रकारांत सर्वाधिक मान आहे तो वारुळावर उगवणाऱ्या, म्हणजेच रोंयणीच्या अळमीला.

गोव्यात मृग नक्षत्राचा पाऊस स्थिरावल्यानंतर ही अळंबी दिसू लागते. रस्त्याच्या कडेला पानांत गुंडाळलेल्या जुड्या विक्रीस येतात व चढ्या दराने हातोहात खपतात. श्रावणात मासळी वर्ज्य करणाऱ्या घरांत ओल्या खोबऱ्याच्या वाटपातील अळमीचे तोणाक हा त्या दिवसांतील मोठा आनंद असतो. मात्र ही अळंबी बटण किंवा धिंगरी अळंबीप्रमाणे शेडमध्ये पिकवता येत नाही. तिची व्यावसायिक लागवड अद्याप कोणालाही साधलेली नाही, कारण तिचा खरा शेतकरी माणूस नसून वाळवी आहे.

वाळवीची शेती

या बुरशीचे शास्त्रीय नाव ‘टर्मिटोमायसिस’. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती स्वतंत्रपणे मांडली. कामकरी वाळवी सुकी पाने, काटक्या आणि लाकूड खाऊन परत येते व अर्धवट पचलेल्या त्या द्रव्यापासून वारुळाच्या पोटात सच्छिद्र पोळी रचते. या पोळ्यांवर बुरशी वाढते. लाकडातील जे कठीण घटक वाळवीला पचवता येत नाहीत, त्यांचे विघटन बुरशी करते. मोबदल्यात तिला अन्न, ओलावा आणि स्थिर तापमान मिळते. पोळ्यावर धरणाऱ्या पांढऱ्या बारीक गाठी हे वाळवीचे अन्न होय. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे अभ्यासक मानतात.

आपण खुडतो ती अळंबी म्हणजे या भूमिगत शेतीला पावसाळ्यात आलेले फळ. जमिनीखालच्या पोळ्यापासून मुळासारखा लांब देठ वर येतो आणि टोकदार माथ्याने माती भेदून छत्री उघडतो. अनेक वारुळे पूर्णतः जमिनीखाली असतात. त्यामुळे ही अळंबी कधी कधी सपाट जमिनीतूनच आल्यासारखी वाटते.

कळी खुडली की काय होते?

बाजारात न उमललेल्या कळ्यांना अधिक मागणी असते. प्रश्न येथेच सुरू होतो. छत्री उमलल्यानंतरच तिच्या पात्यांतून बीजाणू बाहेर पडतात. पंख फुटलेले नर-मादी वाळवी नवे वारूळ वसवण्यासाठी निघतात, तेव्हा बहुतेक जातींत बुरशी त्यांच्यासोबत नसते. नव्या वसाहतीतील पहिल्या कामकरी वाळव्यांना रानात विखुरलेले बीजाणू शोधून आणावे लागतात. ते मिळाले नाहीत, तर नवी वसाहत तग धरू शकत नाही. एखाद्या परिसरातील प्रत्येक कळी वर्षानुवर्षे खुडली गेली, तर पुढील पिढीच्या वारुळांचे बियाणेच आपण टोपलीत भरून नेतो. वारूळ खणून देठ मुळापासून ओढल्यास पोळेही मोडते. गोवा विद्यापीठातील बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या अतिरेकी तोडणीविषयी अनेक वर्षे सातत्याने इशारे दिले आहेत.

विषारी अळंबीचा धोका

२०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानटी अळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. ‘अमानिटा’ गटातील काही जातींचे विष शिजवून, वाळवून वा उकळून नष्ट होत नाही. लक्षणे साधारण ६ ते २४ तासांनी दिसतात. उलट्या-जुलाबांनंतर रुग्णाला बरे वाटू लागते, पण त्याच काळात यकृत निकामी होत असते. गवताळ अंगणात उगवणारी, पिकल्यावर हिरवट पाती असलेली छत्रीही दिसायला खाद्य अळंबीसारखीच असते आणि काही तासांत तीव्र उलट्या घडवते. कोवळेपणी तिची पाती पांढरीच असतात, हे विशेष ध्यानात ठेवावे.

चांदीचे नाणे काळे पडणे, लसणीचा रंग बदलणे, किड्यांनी अळंबी खाल्लेली असणे या पारखी निरर्थक आहेत. जमिनीत खोल गेलेला देठ आणि टोकदार माथा या वारुळावरच्या अळंबीच्या खुणा असल्या, तरी कोणतीही एकच खूण निर्णायक नसते. देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण दिसल्यास ती अळंबी घेऊच नये. जातीची पक्की ओळख असलेली जाणती व्यक्ती सोबत नसेल, तर न खुडणेच इष्ट. त्रास जाणवल्यास घरगुती उपाय न करता उरलेली अळंबी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. मधल्या काळात बरे वाटले, तरी उपचार टाळू नयेत.

मर्यादा पाळावी

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला अशा अभयारण्यांतून परवान्याविना वनोपज काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. अन्यत्रही काही पथ्ये पाळता येतील. वारूळ खणू नये, देठ जमिनीलगत कापावा, एका जागच्या निम्म्या तरी छत्र्या उमलू द्याव्यात आणि ग्राहकांनी केवळ कळ्यांचाच आग्रह धरू नये.

गोमंतकात वारूळ हे सातेरी देवीचे रूप मानले जाते. ज्या रोंयणीपुढे आपण हात जोडतो, तिच्यावरच्या चार छत्र्या उमलण्यासाठी राखून ठेवल्या, तर पुढल्या पिढ्यांनाही श्रावणात अळमी मिळत राहील.