पोलादी पिस्तूल आणि निशाणबाजीचें मैदान

एखादें शस्त्र चांगलें कीं वाईट, हा प्रश्न आपण सहज विचारतों. परंतु तें कोणत्या कामासाठीं चांगलें आणि किती अंतरावर चांगलें, हें विचारल्यावांचून त्या प्रश्नास नीटसा अर्थ येत नाहीं. आज आपणांपुढें एका जुन्या, पूर्ण आकाराच्या पोलादी पिस्तुलाची परीक्षा मांडावयाची आहे. तें पिस्तूल म्हणजे ब्राउनिंगचें ‘हाय-पॉवर’. युद्धासाठीं जन्मास आलेलें हें शस्त्र निशाणबाजीच्या मैदानावर कितपत उतरतें, हा आजचा विषय. मात्र कसोटी हातीं घेण्यापूर्वीं कर्जत-खालापूरच्या डोंगरांतून थोडें फिरून येऊं. कारण अंतराचें महत्त्व काय आणि शस्त्र कोणाच्या हातीं असतें, हे दोन्ही धडे या दोन तालुक्यांच्या इतिहासांत सांपडतात.

खालापूर तालुक्यांत चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभीं शाएस्तेखानानें पाठविलेला कारतलबखान सह्याद्रि उतरून कोंकणांत शिरूं पाहत होता. त्याच्या समवेत माहूरची रायबागन होती. शिवाजीमहाराजांनीं या फौजेस दाट झाडींतील अरुंद वाटेवर येऊं दिलें आणि मग पुढची व मागची वाट रोखून चोहोंकडून मारा केला. कवीन्द्र परमानंदानें ‘शिवभारतां’त हा प्रसंग विस्तारानें वर्णिला आहे. फौजेस पाणी मिळेना, हालचालीस जागा उरेना. अखेर रायबागनच्या सल्ल्यानें खान शरण आला आणि खंडणी देऊन त्यानें आपली सुटका करून घेतली.

त्या काळची तोड्याची बंदूक जर आजच्या निशाणबाजीच्या मैदानावर आणली, तर ती पहिल्याच परीक्षेंत नापास होईल. तिची नळी आंतून गुळगुळीत असे आणि शिशाची गोळी नळीहून किंचित् लहान असे. त्यामुळें गोळी आंत आपटत बाहेर पडे व पुढें कोणत्या बाजूस झुकेल, याचा भरंवसा नसे. फार लांबच्या एकट्या माणसावर नेम धरणें म्हणजे बव्हंशीं दैवावर हवाला ठेवणें होय. शिवाय पुन्हां बार भरण्यास वेळ लागे तो निराळाच. परंतु उंबरखिंडींत एकट्यादुकट्यावर नेम धरावयाचाच नव्हता. शत्रु दाटीनें कोंडलेला, अंतर थोडें आणि मारा करणारा झाडाआड. बंदुकीची उणीव तेथें जागेनें भरून काढली.

निशाणबाजीचें मैदान हें याच्या नेमकें उलट आहे. तेथें लक्ष्य स्थिर असतें, अंतर आधींच मोजलेलें असतें आणि उलट गोळी येण्याचें भय नसतें. कागदावरील वर्तुळांत गोळी दोन बोटें बाजूस पडली, तर तो दोष जागेवर किंवा शत्रूवर ढकलतां येत नाहीं. दोष एकतर शस्त्राचा असतो, नाहींतर काडतुसाचा, नाहींतर धरणाऱ्याच्या हाताचा. म्हणूनच रणांत नांवाजलेलें शस्त्र मैदानावर फिकें पडूं शकतें.

दुसरा धडा कर्जतचा. १८७८ च्या हत्यार कायद्यानें या देशांतील सामान्य माणसास परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. तेव्हांपासून पिस्तूल हें एकतर सरकारी माणसाच्या कमरेस दिसे, नाहींतर चोरवाटेनें येई. १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हातीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें गुप्तपणें हिंदुस्थानांत धाडलीं, आणि त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. महाराष्ट्रांत ब्राउनिंग हें नांव असें प्रथम गाजलें. पुढें १९४२ च्या आंदोलनांत माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनीं आझाद दस्ता उभारला. विजेच्या तारांचे मनोरे पाडून सरकारचे व्यवहार बंद पाडणें, ही त्या दस्त्याची रीत होती. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत कोतवाल आणि हिराजी पाटील यांनीं देह ठेवला. ज्या मुलखाच्या स्मृतींत बंदुकीचा आवाज असा रुतून बसला आहे, तेथें निशाणबाजी हा खेळ आहे असें सांगावयाचें, तर तो खेळ कसा, हेंहि नीट सांगितलें पाहिजे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन शस्त्रशिल्पी. अमेरिकेच्या सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलेलें .४५ व्यासाचें प्रसिद्ध पिस्तूल त्याचेंच. पुढें फ्रान्सच्या सैन्यास अधिक काडतुसें मावणारें पिस्तूल हवें होतें. त्यासाठीं त्यानें बेल्जममधील एफ. एन. कारखान्याकरितां नव्या रचनेस हात घातला. १९२६ सालीं लिएज येथें त्या कारखान्यांतच त्याचा अंत झाला आणि अपुरें काम ड्यूडोने सेव्ह या बेल्जन शिल्प्यानें पुरें केलें. १९३५ सालीं बेल्जमच्या सैन्यानें तें स्वीकारलें. ९ मिलिमीटरचीं तेरा काडतुसें दोन ओळींत मावतील अशी पेटी मुठींत बसविणें, हें त्या काळीं मोठें नवल होतें.

दुसऱ्या महायुद्धांत या पिस्तुलाचें नशीब विलक्षण ठरलें. १९४० सालीं जर्मनांनीं लिएजचा कारखाना ताब्यांत घेतला व तीं पिस्तुलें आपल्या सैन्यासाठीं घडवून घेतलीं. इकडे सेव्ह इंग्लंडांत निसटला, आणि १९४४ पासून कॅनडांतील टोरोंटोच्या इंग्लिस कंपनींत तेंच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठीं तयार होऊं लागलें. एकच शस्त्र दोन्ही पक्षांच्या कमरेस लटकत होतें. स्वतंत्र भारतांत याच घडणीचें पिस्तूल बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यांत बनूं लागलें आणि आपल्या सैनिकांच्या व पोलिसांच्या हातीं आलें. बेल्जममधील जुन्या घडणीचें उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबलें. २०२२ सालीं त्याच नांवाचें पिस्तूल पुन्हां निघालें. पण त्याची आंतील रचना बरीच निराळी आहे.

परीक्षेचा पहिला मुद्दा वजनाचा. संपूर्ण पोलादी असल्यामुळें हें पिस्तूल रिकामें असतांहि सुमारें ९०० ग्रॅम भरतें. १९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें घेतलेलें ग्लॉक हें प्लॅस्टिकच्या सांगाड्याचें पिस्तूल सुमारें ७०० ग्रॅमचें. दिवसभर कमरेस बाळगणाऱ्या शिपायास हा फरक जाचतो. मैदानावर मात्र तोच फरक उपकारक ठरतो. गोळी जितक्या जोरानें पुढें जाते, तितक्याच जोरानें शस्त्र मागें येतें, आणि शस्त्र जड असेल तर त्याची मागें येण्याची गति कमी होते. वजन ७०० वरून ९०० ग्रॅम झालें, कीं त्याच काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा पंचमांशाहून कांहींशी अधिक घटते. शिकाऊ माणूस धक्क्याच्या धास्तीनें चाप ओढण्याच्या क्षणीं हात दचकवितो. त्याची पुष्कळशी चूक या एका गोष्टींत असते. जड पोलाद ती धास्ती कमी करितें. शिवाय हाताचा बारीक कंपहि जड शस्त्रांत सावकाश उमटतो. मात्र याची दुसरी बाजू अशी, कीं मनगट दुबळें असेल तर चाळीस-पन्नास गोळ्यांनंतर हेंच वजन हात खालीं ओढूं लागतें.

दुसरा मुद्दा मुठीचा. दोन ओळींची पेटी असूनहि ही मूठ हातांत चांगली बसते, अशी तिची कीर्ति आहे आणि ती सार्थ आहे. मूठ प्रत्येक वेळीं त्याच ठिकाणीं बसली, तरच नेम प्रत्येक वेळीं त्याच ठिकाणीं जातो. एक खोड मात्र सांगितली पाहिजे. जुन्या नमुन्यांत मागें येणारा घोडा अंगठा व तर्जनी यांमधील कातडीस चिमटा घेतो. ज्याचा पंजा मोठा व मांसल आहे, त्यास हा चिमटा हमखास बसतो, आणि एकदां बसला कीं पुढच्या गोळीस हात आपोआप आंखडतो.

तिसरा मुद्दा चापाचा, आणि येथेंच या पिस्तुलाचे गुण कमी होतात. काडतुसांची पेटी बाहेर काढली असतां गोळी सुटूं नये, अशी एक सोय त्यांत फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून बसविली होती. ती चापाशीं जोडलेली असून पेटीवर घासते. त्यामुळें चाप ओढतांना तो जड व खरखरीत लागतो. सैनिकास याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु निशाणबाजास चाप असा हवा, कीं तो कधीं सुटला हें हातास कळूं नये. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलास चापाचा दाब किमान एक किलो असावा लागतो. स्पर्धेचीं पिस्तुलें त्या मर्यादेच्या अगदीं जवळ आणलेलीं असतात. सैनिकी चाप तिच्या कितीतरी पुढें असतो.

चौथा मुद्दा नेमाचा. पुढची माशी व मागची खांच यांमधील अंतर या पिस्तुलांत सुमारें १६० मिलिमीटर आहे. स्पर्धेंत हें अंतर २२० मिलिमीटरपर्यंत चालतें. यांतील फरक हिशेबानें पाहूं. माशी खांचेंत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानें सरकली, तर २५ मीटरवर हाय-पॉवरची गोळी सुमारें १६ मिलिमीटर बाजूस जाईल. लांब अंतराच्या पिस्तुलाची सुमारें ११ मिलिमीटरच जाईल. २५ मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ५० मिलिमीटर व्यासाचें असतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या पांच मिलिमीटरांची किंमत कळते. शिवाय जुन्या नमुन्यांतील माशी बारीक व खांच उथळ. उतरत्या उजेडांत डोळ्यास ती नीट दिसत नाहीं.

पांचवा मुद्दा नळीच्या अचूकपणाचा. तो पाहण्यास मनगट मेजावर वाळूच्या पिशवीवर टेकून पांच-दहा गोळ्या झाडाव्या. म्हणजे हाताचा दोष बराचसा वगळला जातो. सैनिकी पिस्तुलाच्या गोळ्यांचा घोळका २५ मीटरवर बहुधा तळहाताएवढा पडतो. तळहात दहाच्या वर्तुळाहून मोठा आहे, हें उघड आहे. मग नुसता हात पुढें करून तींच निशाणें पुन्हां मारावीं. दोन्ही घोळक्यांतील जो फरक, तो आपला स्वतःचा. बहुतेकांस हा फरक शस्त्राच्या दोषाहून कितीतरी मोठा आढळतो.

तेव्हां निकाल काय? हें पिस्तूल स्पर्धेंत पदक मिळविण्याचें साधन नव्हे. २०१८ सालीं पालेंबांग येथें कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. आशियाई खेळांत निशाणबाजीचें वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या स्पर्धेंतील शस्त्र .२२ व्यासाचें, हलक्या काडतुसाचें आणि केवळ कागदावरील वर्तुळांसाठीं घडविलेलें असतें. हाय-पॉवरचें काम निराळें. धक्का सोसण्यास, मूठ एकसारखी धरण्यास आणि जड चाप न दचकतां ओढण्यास तें शिकवितें. शिक्षक म्हणून त्यास चांगले गुण द्यावे; खेळाडू म्हणून मध्यम.

हें सांगतांना एक व्यवहाराची गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९५९ च्या हत्यार कायद्याखालीं ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकासाठीं प्रतिबंधित वर्गांत मोडतें. तेव्हां ही परीक्षा खरेदीचा सल्ला म्हणून कोणीं घेऊं नये. ज्या घरांतील मुलामुलींस या खेळाची ओढ आहे, त्यांनीं आरंभ हवेच्या पिस्तुलानें, दहा मीटरवर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं करावा. तेथील दहा गुणांचें वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचें असतें. गर्वहरणास तेवढें पुरे आहे. कर्जत-खालापूरच्या कुटुंबांस त्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. ऑलिंपिक खेळांत उतरलेल्या सुमा शिरूर यांनीं शेजारच्या पनवेल येथें निशाणबाजीचें शिक्षण सुरू केलें आहे.

उंबरखिंडींत शस्त्राची कसर डोंगरानें भरून काढली. सिद्धगडास शस्त्र ज्यांच्या हातीं होतें, त्यांच्या बाजूनें त्या दिवसाचा निकाल लागला. मैदानावर यांपैकीं कोणतीहि सवलत नाहीं. आणि तेथील शस्त्र कोणाच्या जिवावर उठलेलेंहि नसतें. या मुलखांतील एखाद्या मुलीनें शांतपणें श्वास रोखून कागदावरील काळ्या ठिपक्यावर नेम धरावा आणि गोळी चुकली तर आपला हात तपासावा, ही गोष्ट येथील पूर्वजांस कदाचित् नवलाची वाटली असती. परंतु शस्त्राशीं माणसाचें नातें इतक्या स्वच्छपणें क्वचितच जुळतें, आणि तें जुळविण्यास जुनें जड पोलाद आजहि उपयोगी पडतें.