जात्याचा जोर

दळण संपत आले की दादी जात्याच्या खुंट्यावरचा हात काढून घ्यायची. दगड मात्र लगेच थांबत नसे. एखाद-दुसरा फेरा तो आपल्याच जोरावर घ्यायचा आणि खुंटा कुणासमोर येऊन थांबतो यावर आम्हां मुलांच्या पैजा लागायच्या. त्या फेऱ्यात आणखी चिमूटभर पीठ पडायचे. ते कुणाच्या हिशेबात नसायचे. विजेच्या जाळ्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला हा फेरा आठवला. मी कला शाखेतला माणूस, त्यामुळे सूत्रे सांगत नाही. घडले ते सांगतो.

आपल्याकडे खोपोलीला १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे कोयना आली, कोळशाची केंद्रे आली. पाणी पडो वा वाफ सुटो, शेवटी फिरते ते लोखंडाचे अजस्र धूड. औष्णिक केंद्रात ते मिनिटाला ३००० फेरे घेते. एका जाळ्याला जोडलेली अशी सारी चाके एकाच ठेक्यात बांधलेली असतात. सेकंदाला ५० आवर्तने, हा तो ठेका. आता समजा, एखादे केंद्र अचानक बंद पडले. कमी पडलेली वीज त्या क्षणी येते कुठून? झडप उघडायला, वाफ वाढायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ ती उरलेल्या चाकांच्या वेगातून येते. चाके किंचित मंदावतात, ५० चे ४९.९ होते, तोवर बाकीची यंत्रणा सावरते. यालाच जडत्व म्हणतात. ही उसनवारी फुकट होती, म्हणून शंभर वर्षे तिचे बिल कुणी केले नाही.

सौर पट्टीत फिरणारे काहीच नसते. पवनचक्की फिरते, पण आजच्या बहुतेक पवनचक्क्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांमधून जाळ्याला जोडलेल्या असतात आणि पात्यांचे वजन जाळ्यापर्यंत पोचत नाही. साधा इन्व्हर्टर जाळ्याचा ठेका ऐकतो आणि त्यात आपली वीज मिसळतो. तो साथ करतो, ठेका धरत नाही.

याचा अर्थ काय होतो, हे दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्याला २०१६ साली कळले. मे महिन्यात तिथले शेवटचे कोळशाचे केंद्र बंद झाले होते. २८ सप्टेंबरच्या दुपारी मोठे वादळ आले. त्या वेळी राज्याची मागणी होती १८२६ मेगावॉट. त्यातले ८८३ मेगावॉट वाऱ्यापासून, ६१३ शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून आणि उरलेले ३३० वायूवर चालणाऱ्या केंद्रांतून येत होते. वादळाने उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मनोरे पाडले, विजेचा दाब पुन्हा पुन्हा खचला आणि नऊ पवनऊर्जा केंद्रांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट वीज कमी केली. तो सगळा भार व्हिक्टोरियाच्या वाहिनीवर गेला आणि तीही तुटली. मग वारंवारता सेकंदाला सहा हर्ट्झहून अधिक वेगाने कोसळली. अशा वेळी काही भागांची वीज आपोआप तोडून बाकीचे वाचवण्याची सोय असते, पण तिलाही वेळ मिळाला नाही. साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले.

लगेच राजकारण सुरू झाले. पवनचक्क्यांवर खापर फोडणे सोपे होते. चौकशीत निघाले ते वेगळेच. वारा पडला नव्हता. दाब ठरावीक वेळा खचला की माघार घ्यायची, अशी त्या चक्क्यांच्या यंत्रणेची मांडणी होती. ती नंतर बदलली गेली. पण राज्यात फिरती लोखंडी चाके थोडी उरली होती आणि त्यामुळे सावरायला वेळच मिळाला नाही, हेही खरेच होते.

१ डिसेंबर २०१७ रोजी जेम्सटाउनजवळ हॉर्न्सडेल इथे टेस्लाची १०० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. शंभर दिवसांत नाही झाली तर फुकट, या इलॉन मस्क यांच्या पैजेची गोष्ट तेव्हा आपल्याही वर्तमानपत्रांत आली होती. बॅटरी चपळ होती यात शंका नाही. पण ती आधी वारंवारता मोजणार आणि मग धावणार. जात्याचा दगड असे मोजत बसत नाही.

दगडासारखे वागणारा इन्व्हर्टर करता येईल का, हा विचार त्याआधीच सुरू झाला होता. जर्मनीतल्या क्लाउस्टाल तंत्र विद्यापीठात बेक आणि हेस्से यांनी २००७ साली आभासी समकालिक यंत्राची कल्पना मांडली. २०११ मध्ये झोंग आणि वाइस यांचा 'सिंक्रोनव्हर्टर'वरचा निबंध आला. युक्ती मोठी मजेची आहे. इन्व्हर्टरच्या संगणकात एक नसलेले चाक फिरत ठेवायचे. त्याचे वजन अमुक, घर्षण अमुक, असे आकडे द्यायचे. जाळ्यावर भार आला की ते कल्पनेतले चाक मंदावते, आणि खरे चाक मंदावताना जेवढी वीज देते तेवढी इन्व्हर्टर बॅटरीतून जाळ्यात ढकलतो. चाक खोटे, वीज खरी.

अडचणी इथूनच सुरू होतात. वजन फार ठेवले आणि घर्षण कमी, तर ते चाक झोके घेऊ लागते आणि शेजारच्या यंत्रांशी विजेची ओढाताण करते. एका खुंट्यावर दोघींचे हात असतात आणि एकीची लय चुकते, तसे. वजन कमी ठेवले तर सारा खटाटोप वाया. लोखंडी चाकाचे वजन कारखान्यातच ठरते. इथे ते एका आकड्याने बदलता येते, ही सोय आणि हीच जोखीम. शिवाय लोखंडी जनित्र संकटात क्षणभर आपल्या कुवतीच्या कितीतरी पट प्रवाह देऊ शकते. इन्व्हर्टरने तसे केले तर त्याचे अर्धवाहक जळतील, म्हणून तो कुवतीच्या थोडासाच पुढे जातो. आणि बॅटरी रिकामी असेल तर आभासी चाक कितीही जड असले तरी उपयोग शून्य.

हॉर्न्सडेलची बॅटरी २०२० मध्ये १५० मेगावॉटची झाली आणि जुलै २०२२ मध्ये तिला असे आभासी यंत्र म्हणून वागायची परवानगी मिळाली. दरम्यान त्या राज्याने आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउन इथे त्यांनी चार भलीमोठी फिरती यंत्रे बसवली, तीही जडचक्रांसकट. ही यंत्रे एक युनिट वीज तयार करत नाहीत, उलट थोडी खातातच. ती नुसती फिरतात. जे आजवर कोळशाबरोबर फुकट येत होते, ते असे विकत घ्यावे लागले.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले आणि सारा देश एका ठेक्यात आला. चाके इतकी की अजून आपल्याला दक्षिण ऑस्ट्रेलियाइतकी घाई नाही. पण राजस्थान-कच्छमध्ये सौर पट्ट्या वाढताहेत आणि नुसती साथ करणारे इन्व्हर्टर एकदा बसले की ते बदलणे महागात जाईल, असे मला वाटते.

या चाकांची परीक्षा ५ एप्रिल २०२० च्या रात्री झाली. नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे बंद करायचे होते. मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली गेली आणि पुन्हा चढली. जलविद्युत केंद्रांतली माणसे आधी झडपा मिटत, मग उघडत होती. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ यांच्या मध्ये राहिली. आमच्या गल्लीत मेणबत्त्या लागल्या होत्या. घरात पंखा तेवढा चालू होता. त्याच्या वेगात मला काही फरक जाणवला नाही.