हॅलोथेन जनुक, वराहांतील

वराहांच्या स्नायूंतील कॅल्शियमाचे नियंत्रण बिघडविणारे अप्रभावी जनुक. ते दोन्ही जनकांकडून आलेले असल्यास वाहतूक, उष्मा किंवा झुंज यांच्या ताणाने जनावर ताठरते, त्याचे तापमान झपाट्याने वाढते व पुष्कळदा ते दगावते.

विसाव्या शतकाच्या मध्यास यूरोपात कमी चरबीच्या मांसाची मागणी वाढली. बेल्जियममधील प्येत्रँ गावाच्या नावाने ओळखली जाणारी भरदार मांड्यांची जात व लँड्रेसचे काही वंश पैदाशीत पुढे आले. त्यांबरोबर अकस्मात मृत्यू आणि फिकट, लिबलिबीत, पाणी सुटणारे मांस यांविषयीच्या तक्रारीही वाढल्या. ज्या गुणासाठी नर निवडले जात, त्याच्याशीच हा दोष निगडित होता. जनुकाची एकच प्रत असलेले वाहक धडधाकट दिसत आणि पैदाशीस ठेवले जात.

दोषाचा उलगडा गोठ्यापेक्षा शस्त्रक्रियागृहातून अधिक झाला. मेलबर्न येथील डेन्बरो व लव्हेल यांनी १९६० मध्ये एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातील अनेक जण भूल दिल्यामुळे दगावले होते. डुकरांतही तसाच प्रकार १९६६ मध्ये इंग्लंडात नोंदला गेला. पुढे १९७४ मध्ये आयकेलेनबोम व मिंकेमा यांनी नेदर्लंड्समध्ये पिलांना हॅलोथेन हुंगवून ताठरणारी पिले वेगळी काढण्याची चाचणी मांडली. तीत वाहक मात्र सुटून जात. डँट्रोलीन या औषधाने ताठरलेली डुकरे वाचतात, असे हॅरिसन यांनी १९७५ मध्ये दाखविले. मानवी रुग्णांनाही ते वरदान ठरले.

स्नायुतंतूतील कोशांत साठविलेले कॅल्शियम विशिष्ट प्रथिनमार्गाने बाहेर पडले, की आकुंचन होते. मॅक्लेनन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये टोराँटो येथे दाखविले, की या प्रथिनातील ६१५ व्या स्थानी आर्जिनिनाऐवजी सिस्टीन येते आणि मार्ग सहज उघडतो. कत्तलीनंतरही कॅल्शियम गळत राहिल्याने ग्लायकोजेनापासून लॅक्टिक अम्ल वेगाने बनते. शव गरम असतानाच आम्लता वाढून प्रथिनांची पाणी धरण्याची शक्ती घटते. जिवंतपणी याच गळतीने होणाऱ्या सूक्ष्म आकुंचनांमुळे स्नायू भरतात, असे अनुमान त्यांनी केले. कॅल्शियमाची पातळी दीर्घकाळ किंचित चढी राहिल्यास कॅल्सिन्यूरिन हे एंझाइम मंद तंतूंची जनुके जागी करते, हे उंदरांवरील प्रयोगांतून १९९८ मध्ये दिसले.

पाच जातींत हेच उत्परिवर्तन आढळल्याने ते एकाच पूर्वजाकडून पसरले असावे, असे मानतात. डीएनए चाचणीमुळे वाहक ओळखता येऊ लागले व अनेक कळपांतून हे जनुक काढून टाकण्यात आले. प्येत्रँमध्ये ते इतके रुजले होते, की लिएज विद्यापीठाला लार्ज व्हाइट जातीतील निर्दोष जनुक वारंवार संकर करून तीत आणावे लागले.