चौकटीतले पान

इंटरनेटवरचे एखादे पान आपण उघडतो, वाचतो, हवे तर छापून घेतो. त्याचा पत्ता मित्राला कळवला, की त्यालाही तेच पान दिसते. यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण मध्यंतरी काही वर्षे ही साधी गोष्ट साधी राहिली नव्हती. त्याची ही हकीकत.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची योजना मांडली. तिची पुढे जी घडण झाली, तिच्या मुळाशी एक सरळ नेम होता : प्रत्येक पानाला त्याचा पत्ता. १९९५ च्या अखेरीस नेटस्केप या अमेरिकन कंपनीने आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत 'फ्रेम' म्हणजे चौकटी आणल्या. पडद्याचे दोन-तीन भाग पाडायचे. डावीकडे अनुक्रमणिका, वर नाव, उरलेल्या जागेत मजकूर. प्रत्येक भागात निराळे पान. अनुक्रमणिकेतले नाव दाबले, की मजकूर तेवढा बदले.

कल्पना वाईट नव्हती. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून पान उतरायला वेळ लागे. आपल्याकडे तर विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी नुकती कुठे सर्वांना खुली झाली होती. अनुक्रमणिका पुन्हापुन्हा आणावी लागत नाही, ही सोय थोडी नव्हे.

मग बिघडलं कुठं? बिघडलं ते पत्त्यात. आतला मजकूर बदलला तरी वर दिसणारा पत्ता पहिल्याच पानाचा राही. खूण करून ठेवलेले पान दुसऱ्या दिवशी उघडावे, तर समोर पुन्हा प्रवेशद्वार! वाड्याचा पत्ता ठाऊक आहे, पण आपण माडीवरच्या कोणत्या खोलीत बसलो होतो ते सांगता येत नाही, अशातली गत. त्यातून दुसऱ्या आवृत्तीत 'मागे' बटण दाबले, की माणूस थेट वाड्याबाहेर. ही खोड १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत सुधारली.

छापण्याचा घोळ याहून मोठा. पडद्यावर चौकटी तीन, छापायची कोणती? बहुधा शेवटी जिच्यात बटण दाबले ती. नाव दाबून लगेच छापायला सांगावे, तर कागदावर लेखाऐवजी अनुक्रमणिका. आधी मजकुरावर एकदा दाबावे आणि मग छापावे, हा त्यावरचा उपाय. इंटरनेट एक्सप्लोररने पुढे तीन पर्याय दिले : पडद्यावर दिसते तसे, निवडलेली चौकट, किंवा साऱ्या चौकटी सुट्या.

डिसेंबर १९९६ मध्येच याकोब नील्सन यांनी चौकटींवर कडक टीका केली. तरी १९९७ च्या एचटीएमएल ४.० या प्रमाणात त्यांना जागा मिळाली. ऑक्टोबर २०१४ च्या एचटीएमएल ५ ने मात्र त्या कालबाह्य ठरवल्या. नकाशा किंवा चित्रफीत पानात बसवणारी 'आयफ्रेम' तेवढी राहिली. जुनी चौकटींची पाने अजूनही कुठे कुठे भेटतात. तिथे फायरफॉक्समध्ये उजवे बटण दाबून चौकट स्वतंत्र उघडावी. तिचा खरा पत्ताही मिळतो आणि ती नीट छापताही येते.

सोय दिसली ती मांडणाऱ्याला. तिची किंमत मोजली वाचणाऱ्याने. वाचलेल्या पानाकडे परत जाता यावे, ते दुसऱ्याला दाखवता यावे आणि कागदावर जपता यावे, हा वाचकाचा साधा हक्क आहे. पत्ता हरवला की तिन्ही गोष्टी हरवतात.