घाट सरकारचा, तांडा व्यापाऱ्याचा

कोकणातून नाणेघाट चढून येणाऱ्या वाटसरूला घाटाच्या तोंडाशी प्रथम लागते ते सातवाहनांचे लेणे. त्याच्या भिंतींवर नागनिका राणीने आपल्या राजकुळाने केलेल्या यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांच्या दक्षिणेची यादी ब्राह्मी अक्षरांत कोरवून घेतलेली आहे. तेथून खिंडीची अरुंद वाट संपवून पठारावर पाय ठेवावा तो समोर एक भला मोठा दगडी रांजण दिसतो, आणि घाट चढून आलेल्या मालाची जकात याच रांजणात पडत असे, असे जुन्नरकडील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल या वाटेने जुन्नरास येई आणि पुढे पैठण व तेर येथील पेठांकडे जाई. राज्यकर्त्यांनी वाट राखली, वाटेवर पाण्याची टाकी व विसाव्याची लेणी झाली, आणि त्या सोयींच्या बदल्यात जकात घेतली गेली. परंतु कोणा सार्थवाहाचा तांडा तोट्यात गेला म्हणून राजाने आपल्या कोशागारातून त्याची भरपाई करून दिल्याचे या डोंगरांतील एकाही लेखात आढळत नाही.

स्वस्त दराच्या विमान कंपन्या डबघाईस आल्या असता सरकारी खजिन्यातून पैसा ओतून त्यांना तारावे की बुडू द्यावे, हा प्रश्न गेली काही वर्षे आपल्याकडे पुनःपुन्हा उपस्थित होत आहे. २००३ साली सुरू झालेली एअर डेक्कन ही देशातली पहिली स्वस्त विमानसेवा किंगफिशरने आपल्यात विलीन करून घेतली, आणि ती किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात बंद पडली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. २ मे २०२३ रोजी वाडिया समूहाच्या गो फर्स्टने आपण होऊन दिवाळखोरीचा अर्ज केला. दर वेळी सरकारकडे मदतीचा तगादा झाला, आणि दर वेळी वाद असा रंगला की जणू राज्यसत्ता आणि वाहतूकदार यांचा संबंध ही आजच उद्भवलेली गोष्ट आहे. वस्तुतः जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांनी या संबंधाचे बहुतेक सर्व प्रकार दोन हजार वर्षांत अनुभवलेले आहेत, आणि म्हणूनच या प्रश्नाचा विचार मला विमानतळापेक्षा घाटमाथ्यावरून करावासा वाटतो.

जुन्नरभोवतीच्या तुळजा, मानमोडी, शिवनेरी व लेण्याद्री येथील लेण्यांत दाते म्हणून कोणाची नावे येतात ते पाहावे. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान करते. यवन दाते येतात. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम टाके व मंडप देतो. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी कायमच्या ठेवी ठेवल्या जातात. या ठेवींची व्यवस्था कशी असे, हे नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखावरून अधिक स्पष्ट होते. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत मागावयाची नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट घालून तो सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि नोंदविला गेला. राजाचा जावई कारागिरांच्या संस्थेकडे पैसा ठेवतो, त्या पैशावर व्याज घेतो, आणि व्यवहाराची नोंद नगरसभेसमोर करवून घेतो; या तीनही गोष्टींतून त्या काळच्या पतव्यवस्थेची जी प्रौढता दिसते, तिच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

राज्यकर्ते सदैव इतके समंजस होते असे मात्र नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराची हकीकत आहे: पूर्वी मोकळे असलेले ते बंदर सत्तापालटानंतर अडविले गेले, आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ लागली. पुढे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकावयास घेऊन चौलहून जुन्नरास आला आणि पावसाळ्यात तेथे राहिला, तेव्हा तेथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्मांतर करावे, नाहीतर घोडा गमावून वर एक हजार मोहरा द्याव्यात, असे त्यास फर्मावले. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली म्हणून तो गरीब परदेशी सुटला. व्यापाऱ्याला राज्याकडून पहिली गरज संरक्षणाची असते, मदतीची नंतर. हे निकितिनाइतके दुसऱ्या कोणी जुन्नरात अनुभवले नसेल.

मराठेशाहीत राज्याच्या साहाय्याला एक निश्चित घाट आला. नवी पेठ वसवावयाची असली, की शेटे-महाजनांस कौल दिला जाई: अमुक वर्षे जकात माफ, अमुक वर्षांनंतर थोडी, आणि त्यानंतर पूर्ण. पडीक जमिनीस हाच न्याय लावून इस्ताव्याने सारा वर्षानुवर्षे चढवीत नेत. रयतेस बी-बियाणे व बैलांसाठी तगाई मिळे, आणि ती वसूल करण्याची जबाबदारी कमाविसदारावर असे. या सर्व कारभारात दोन गोष्टी पहिल्याच कागदावर लिहिलेल्या असत: मदत कोणाला, आणि ती संपणार केव्हा. पेशव्यांचे राज्य अनेक दोषांनी ग्रासलेले होते. तरी मुदतीवाचून दिलेली सूट म्हणजे कायमचे इनाम होय, आणि ते देण्यास निराळी सनद लागते, हा भेद त्यांच्या दफ्तरदारांना पुरता कळत होता.

ते दफ्तर ज्यावर लिहिले गेले त्या कागदाची कथा तर जुन्नरचीच आहे, आणि ती या प्रश्नात सर्वांत अवघड आहे. जुन्नरी कागद म्हणून जो मजबूत, घोटीव कागद महाराष्ट्रभर नावाजलेला होता, तो कुकडीच्या काठी वसलेल्या या गावातील कागदी लोक हाताने करीत. चिंध्या, गोणपाट अशा टाकाऊ मालाचे तुकडे चुन्याच्या पाण्यात मुरवावयाचे, कुटावयाचे, नदीवर धुवावयाचे. लगदा हौदात कालवून जाळीवर त्याचा एकेक ताव उचलावयाचा, वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि अखेर दगडाने घोटून त्याला झिलई आणावयाची. मोडी लिहिणाऱ्याचा बोरू अशा कागदावर अडखळत नसे. या धंद्याला सरकारने कधी अनुदान दिले नाही. त्याचे मोठे गिऱ्हाईकच दफ्तरखाना होते, आणि तेवढे त्यास पुरेसे होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि ते गिऱ्हाईक गेले. इंग्रजी कचेऱ्यांत विलायती कागद आला, पुढे गिरण्यांचा आला, आणि कागदी लोकांच्या कुंड्या हळूहळू कोरड्या पडल्या. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था निघाली खरी, परंतु जुन्नरचा मोडलेला बाजार त्यामुळे पुन्हा उभा राहिला नाही.

कोणी म्हणेल, कागदी लोकांना त्या वेळच्या सरकारने हात दिला असता तर ती विद्या वाचली असती, आणि हाच न्याय विमान कंपनीला का लावू नये? या आक्षेपाचे वजन मी मान्य करतो. परंतु कागदी मेला तेव्हा त्याच्या हातातले कसब त्याच्याबरोबर गेले. ते दुसऱ्या कोणा कारखानदाराने घेतले नाही, कारण गिरणीला त्याचा उपयोग नव्हता. विमान कंपनी बुडाल्यावर विमाने, जी बहुधा भाड्याचीच असतात, मूळ मालकाकडे परत जातात, वैमानिक व तंत्रज्ञ दुसऱ्या कंपन्यांत जातात, आणि मार्गही इतरांना वाटून दिले जातात. बुडते ते मालकाचे भांडवल, बँकांचे कर्ज आणि सामान्य नोकरांचे वेतन. जी विद्या लोपेल तिच्यासाठी खजिना उघडणे आणि जी मालकी बदलेल तिच्यासाठी तो उघडणे, यांत महदंतर आहे.

खजिना मालकीसाठी उघडल्याचे उदाहरणही याच घाटांच्या इतिहासात आहे. १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस सरकारने जमीन फुकट दिली, ९९ वर्षांचा पट्टा दिला, आणि तिच्या भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी दिली. लोहमार्ग तोट्यात चालला तर ती रक्कम हिंदी रयतेच्या महसुलातून भरावयाची होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६३ साली बोरघाट उघडला, त्यानंतर दोन वर्षांनी थळघाट. हमी पक्की असल्यामुळे काटकसरीची गरज कंपन्यांना उरली नाही. हिंदुस्थान सरकारचे एके काळचे अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनीच पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले, की व्याजाची शाश्वती मिळालेल्या विलायती भांडवलदाराला आपला पैसा हुगळीत फेकला गेला काय आणि विटा-चुन्यात गेला काय, सारखेच होते. रेल्वे आवश्यक होती, तिने देशाचे कल्याणही केले, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्या दोन घाटांतून ती गेली त्यांच्या मधले नाणेघाट, आहुपे आदी पुरातन घाट त्यानंतर ओस पडत गेले, आणि बैलांच्या पाठीवर मीठ व तांदूळ वाहणाऱ्यांना शेकडा ५ सोडाच, एक टक्क्याचीही हमी कोणी देऊ केली नाही. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याच्या कड्यावर उभे राहिले म्हणजे खाली कोकण दिसते आणि ती वाट किती रहदारीची असेल याची कल्पना येते. त्या रहदारीवर पोटे भरणारी घरे निमूटपणे शेतमजुरीकडे वळली. सरकारचा पैसा एका वाहतूकदाराच्या पाठीशी उभा राहतो तेव्हा तो दुसऱ्याच्या विरुद्ध उभा असतो, ही गोष्ट विमान कंपन्यांच्या चर्चेत फार क्वचित बोलली जाते.

आता आकाशमार्गाकडे वळू. २०१७ साली सुरू झालेल्या ‘उडान’ योजनेत लहान गावांच्या विमानांना तोटाभरपाई मिळते, ती तीन वर्षांपुरती. केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के. काही जागांचे भाडे ठरीव, आरंभी ते तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये होते. हा जुना कौलच होय, आणि म्हणून मला तो तत्त्वतः मान्य आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात पुनरुज्जीवित एअर डेक्कनने १९ आसनांच्या विमानांनी नाशिक, जळगाव व पुणे यांना जोडणारी सेवा या योजनेखाली सुरू केली. सेवा अनियमित राहिली, उड्डाणे रद्द होत गेली, आणि २०२० च्या टाळेबंदीत ती कंपनीच थांबली. नारायणगाव व मंचरवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्याने एस.टी. मात्र त्याआधीही धावत होती आणि नंतरही धावत राहिली. टोमॅटो, कांदा, द्राक्षे पिकविणाऱ्या या टापूस पुणे-नाशिक लोहमार्गाची आस कित्येक वर्षे लागलेली आहे. खोडद येथील महादुर्बिणीच्या अडचणीमुळे त्याची आखणीच वादात सापडली. सार्वजनिक पैसा मर्यादित असता तो बुडत्या कंपनीच्या मालकीत घालावा की या लोहमार्गाचा तिढा सोडविण्यात, याचे उत्तर नारायणगावच्या बाजारात कोणीही शेतकरी देईल.

विमान कंपन्यांचे एक गाऱ्हाणे खरे आहे. इंधनावर राज्ये जो कर घेत आली, तो जकातीचाच प्रकार असून फार जड होता. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व रायगड येथे तो २५ टक्के होता आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ टक्क्यांवर आणला गेला. आधी ओझे लादावयाचे आणि वाहणारा कोसळला म्हणजे त्याला दान द्यावयाचे, हा कारभार शहाणपणाचा नाही. सर्वांची जकात सारखी उतरवावी. एकट्याची थकबाकी माफ करू नये. किंगफिशरच्या बाबतीत सरकारने उघड मदत नाकारली, परंतु सरकारी बँकांनी २०११ साली तिचे काही कर्ज बाजारभावाहून चढ्या दराने भागांत बदलून घेतले, आणि ते भाग पुढे मातीमोल झाले. मागच्या दाराने झालेली ही मदत कोणत्याही सभेत वाचून दाखविली गेली नव्हती. एअर इंडियाची गोष्ट निराळी, कारण ती सरकारचीच होती. २०१२ पासून तिच्यात सुमारे ३०,००० कोटी रुपये घालण्याची योजना झाली, तरी २०२२ च्या जानेवारीत ती टाटांकडे परत गेलीच.

मग सरकारने केवळ पाहत राहावे काय? मुळीच नाही. कंपनी अवसायनात गेली म्हणजे दिवाळखोरी संहितेनुसार प्रक्रियेचा खर्च भागल्यावर कामगारांचे २४ महिन्यांचे वेतन तारणधारक सावकारांच्या बरोबरीने येते, इतर नोकरांचे १२ महिन्यांचे त्याखाली, आणि तिकिटाचे पैसे आगाऊ भरलेला प्रवासी त्याहून खाली. पण विकावयास विमानेच नसतील तर या क्रमाला अर्थ राहत नाही. २०२५ साली विमाने भाड्याने देणाऱ्यांचा हक्क निराळ्या कायद्याने पक्का करण्यात आला, प्रवाशाचा व लोडरचा मात्र तसा झाला नाही. ज्या प्रवाशाने महिनाभर आधी पैसे भरले त्याची रक्कम उड्डाण होईपर्यंत कंपनीने स्वतंत्र खात्यात ठेवावी, त्या खात्याचा हिशेब दरमहा जाहीर व्हावा, आणि तिकिटामागे काही रुपये बाजूस काढून नोकरांच्या तीन महिन्यांच्या पगाराचा निधी उभा राहावा, असा कायदा संसदेने करावा. कंपनी बुडालीच तर सरकारने अडकलेल्या प्रवाशांना घरी पोहोचवावे, नोकरांचे वेतन त्या निधीतून चुकते करावे, धावपट्टी व मार्ग दुसऱ्यांस खुले करावेत, आणि मालकाचे भाग बुडत असतील तर बुडू द्यावेत.