संकेतस्थळ, जिल्हा प्रशासनाचे (ठाणे जिल्हा)

जिल्ह्याची भौगोलिक व प्रशासकीय माहिती, शासकीय आदेश, सूचना, निविदा, भरतीच्या जाहिराती आणि अधिकाऱ्यांची संपर्कसूची नागरिकांना संगणकीय महाजालावर उपलब्ध करून देणारे अधिकृत स्थळ. अशा स्थळांची उभारणी प्रारंभी एकेक पान स्वतंत्रपणे लिहून होत असे. २०१८ च्या सुमारापासून ती मध्यवर्ती मेघ-संगणन अर्थात क्लाउड यंत्रणेवर चालणाऱ्या आशय-व्यवस्थापन प्रणालीतून होऊ लागली. प्रस्तुत नोंदीत या स्थित्यंतराचा विचार ठाणे जिल्ह्याच्या, आणि त्यातही मुरबाड व शहापूर या ग्रामीण तालुक्यांच्या, संदर्भात केला आहे.

राज्यकर्त्यांनी आपली माहिती सार्वजनिक ठिकाणी मांडण्याची प्रथा या भागात फार जुनी आहे. मुरबाडकडून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राजघराण्याने केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणांची नोंद ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे आणि ती एका वाहत्या व्यापारी मार्गावर आहे. पुढील काळात दवंडी, चावडीवर डकवलेला जाहीरनामा व शासकीय राजपत्र ही साधने रूढ झाली. जिल्ह्याचे समग्र वर्णन मात्र प्रथम गॅझेटिअरने दिले. जेम्स कँबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेतील तेरावा व चौदावा हे खंड ठाणे जिल्ह्याला वाहिलेले असून ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वर्णिलेल्या जिल्ह्यात अकरा तालुके होते व आज रायगड जिल्ह्यात असलेले पनवेल आणि कर्जत हे तालुके त्यांत समाविष्ट होते. महाराष्ट्र शासनाने या गॅझेटिअरची सुधारित आवृत्ती १९८२ मध्ये काढली. दोन आवृत्त्यांमध्ये शंभर वर्षे गेली. संकेतस्थळाने हा अवधी काही मिनिटांवर आणला; परंतु आवृत्ती ही कल्पनाच त्याबरोबर नाहीशी झाली. तिचा विचार पुढे येईल.

जिल्हा पातळीवरील संगणकीकरणाचा पाया राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घातला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्हा मुख्यालये जोडणारे ‘निकनेट’ हे जाळे उभारले आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत आपले अधिकारी नेमले. जाळे प्रथम दिल्लीकडे आकडेवारी पाठविण्यासाठी होते. सामान्य नागरिकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा जनतेसाठी खुली केल्यावर हे चित्र पालटू लागले व जिल्ह्यांची संकेतस्थळे अस्तित्वात आली.

आरंभीची स्थळे स्थिर पानांची होती. प्रत्येक पानात मजकूर आणि त्याची मांडणी ठरविणाऱ्या खुणा एकत्र गुंतलेल्या असत. एखाद्या तहसीलदाराची बदली झाली, तरी नाव बदलण्यासाठी त्या खुणा जाणणारा मनुष्य लागे. तो जिल्ह्यात एक किंवा दोन असत आणि त्यांच्याकडे निवडणुकीपासून धान्यवितरणापर्यंत सर्व संगणकीय कामे असत. त्यामुळे मजकूर शिळा राही. त्यातील दोष कार्यालयाच्या अनास्थेचा जितका, तितकाच साधनाच्या घडणीचा होता.

मराठी मजकुराची अडचण याहून मोठी होती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सांकेतिक मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला, तथापि सर्वसाधारण संगणकांवर युनिकोडमधील देवनागरी दिसू लागण्यास २००० साल उजाडले. मधल्या काळात व त्यानंतरही काही वर्षे शासकीय मराठी मजकूर विशिष्ट टंकांत लिहिला जाई. तो टंक वाचकाच्या संगणकावर नसेल, तर मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी दिसत. असा मजकूर शोधयंत्रांना तर अज्ञातच होता. म्हशाच्या यात्रेची मराठी माहिती लिहिली गेली असली, तरी ‘म्हसा’ हा शब्द टाइप करून ती सापडणे शक्य नव्हते.

या अडचणींवरील उपाय आशय व मांडणी वेगळी करण्यात होता. आशय-व्यवस्थापन प्रणालीत मजकूर, छायाचित्रे व कागदपत्रे विदागारात साठविली जातात. पानाचे रूप ठरविणारे साचे निराळे असतात आणि वाचकाने पान मागितले की प्रणाली दोहोंची जुळणी करून ते पाठविते. लिपिकाला अर्जाचा नमुना भरता आला की पुरे. वृत्तपत्रे व मोठ्या उद्योगसंस्था यांनी १९९० नंतरच्या दशकात अशा प्रणाली वापरात आणल्या. पुढे ‘ड्रुपल’ (२००१) व ‘वर्डप्रेस’ (२००३) या मुक्त आज्ञावलींमुळे त्या सर्वांच्या आटोक्यात आल्या. मात्र प्रत्येक कार्यालयाने आपापली प्रणाली बसविली, की तिची देखभाल, सुरक्षा-तपासणी व दुरुस्ती हेही प्रत्येकाच्या माथी येते. शेकडो जिल्ह्यांत शेकडो वेगळ्या तडजोडी होतात, हा अनुभव लवकरच आला.

मेघ-संगणनाने या प्रश्नाची दुसरी बाजू सोडविली. यात संगणकशक्ती व साठवण ही कार्यालयात न ठेवता दूरच्या विदाकेंद्रात ठेवतात आणि गरजेनुसार कमीअधिक प्रमाणात वापरतात. विजेचे जनित्र घरोघरी न ठेवता तारेवरून वीज घ्यावी, तसाच हा प्रकार होय. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने आपले धोरण ठरविले व २०१४ मध्ये राष्ट्रीय मेघ-सेवा सुरू झाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची विदाकेंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. या पायावर केंद्राने ‘एसथ्रीवास’ ही चौकट उभारली. ‘सिक्युअर, स्केलेबल अँड सुगम्य वेबसाइट ॲज अ सर्व्हिस’ या तिच्या लांबलचक नावातील ‘सुगम्य’ हा एकच शब्द भारतीय आहे आणि तोच विशेष महत्त्वाचा आहे. कारण दृष्टिहीन व अन्य अपंग व्यक्तींनाही पान वापरता यावे, अशी अट साच्यातच घातलेली आहे. ठाणे जिल्ह्याचे संकेतस्थळ याच चौकटीत आहे.

नवे स्थळ उभारताना जिल्ह्याला सिद्ध साच्यांपैकी एक निवडावा लागतो. जिल्ह्याविषयी, विभाग, पर्यटन, दस्तऐवज, सूचना, नागरिकांसाठी सेवा असे विभाग बहुतेक जिल्ह्यांत सारखेच असतात. मजकूर भरून, तपासून व मंजूर करून घेतल्यावर अधिकृत नाव नव्या स्थळाकडे वळविले जाते आणि त्या क्षणापासून ते लोकांस दिसू लागते. सुरक्षेची दुरुस्ती मूळ चौकटीत एकदा केली की ती सर्व जिल्ह्यांना लागू होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारलेल्या शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मजकूर देणारा, तो तपासणारा व त्यास मान्यता देणारा अशा पायऱ्या ठरवून देणे अपेक्षित असते. टिप्पणी, पडताळणी व स्वाक्षरी ही कचेरीतील जुनीच साखळी येथे पडद्यावर आली आहे.

तंत्र सुलभ झाल्यावर मजकुराच्या शुद्धतेचा भार कार्यालयावर उघडपणे पडला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. पंधरा तालुक्यांपैकी आठ तिकडे गेले व ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात उरले. अशा वेळी केवळ तालुक्यांची यादी बदलून भागत नाही. क्षेत्रफळ, लोकसंख्या, किनाऱ्याची लांबी, आदिवासींचे प्रमाण, धरणे, प्रेक्षणीय स्थळे असे प्रत्येक विधान नव्याने तपासावे लागते. २०११ ची जनगणना तर अविभाजित जिल्ह्याची आहे. कोणता आकडा कोणत्या जिल्ह्याचा, हे सांगण्याचे काम कोणतीही प्रणाली करीत नाही.

म्हशाचे उदाहरण लहान असले तरी बोलके आहे. मुरबाड–कर्जत मार्गावरील या गावी म्हसोबाची अर्थात खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेस भरते. काही दिवस चालणाऱ्या या यात्रेतील गुरांचा बाजार व घोंगड्यांची विक्री प्रसिद्ध आहे. पौष पौर्णिमा २०२४ मध्ये २५ जानेवारीस, तर २०२५ मध्ये १३ जानेवारीस आली. पानावर तिथी लिहिली तर ते वर्षानुवर्षे खरे राहते. इंग्रजी तारीख लिहिली तर पुढच्याच वर्षी ते दिशाभूल करते. बाजारासाठी बैल घेऊन दोन दिवसांची वाट चालणाऱ्याला हा फरक किरकोळ नाही. साथीच्या वेळी तर तो अधिकच जाणवतो. २०२२ मध्ये लंपी चर्मरोगामुळे राज्यात गुरांचे बाजार भरविण्यास मनाई झाली होती. असा आदेश लागू आहे की मागे घेतला आहे, हे जिल्ह्याच्या अधिकृत पानावरून निःसंदिग्धपणे कळले पाहिजे. जुना आदेश यादीत तसाच राहिला, तर तो नसलेल्या बंदीची बातमी देत राहतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने नागरिकाने मागण्यापूर्वीच माहिती प्रसिद्ध करण्याचे व त्यात स्थानिक भाषा विचारात घेण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकले आहे. द्विभाषिक संकेतस्थळात मराठी व इंग्रजी पाने या स्वतंत्र नोंदी असतात. एक दुरुस्त केली म्हणून दुसरी आपोआप दुरुस्त होत नाही. शिवाय शासकीय संकेतस्थळांवरील पुष्कळसे आदेश स्वाक्षरीच्या कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवलेले असतात. ते डोळ्यांनी वाचता येतात, पण त्यांतील गावाचे नाव शोधता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठी असलेली वाचनयंत्रेही तेथे मूक होतात. साचा सुगम्य असूनही आशय दुर्गम राहतो, असा हा विपरीत प्रकार आहे. शहापूर हा संपूर्ण तालुका व मुरबाडचा काही भाग १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी वस्त्यांना लागू असलेल्या विशेष तरतुदींचे कागद कोणत्या रूपात प्रसिद्ध होतात, यावर त्यांचा उपयोग अवलंबून असतो.

राहिला प्रश्न आवृत्तीचा. मुदत संपलेला मजकूर अभिलेखात हलवावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे जुन्या निविदा व सूचना काही प्रमाणात टिकतात. मात्र जिल्ह्याचे वर्णन करणारे पान बदलले की आधीचे रूप वाचकापुरते लोपते. प्रणालीच्या आत पूर्वरूपे साठलेली असली, तरी ती संपादकापुरती असतात. विभाजनापूर्वीचा ठाणे जिल्हा कसा वर्णिला होता, हे जिज्ञासूला सध्याच्या स्थळावरून समजत नाही; त्यासाठी महाजालावरील पानांच्या प्रती १९९६ पासून जमविणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या अमेरिकन संस्थेकडे जावे लागते. १८८२ चे गॅझेटिअर मात्र राज्याच्या दर्शनिका विभागाने महाजालावर आणले असून त्यातील अकरा तालुक्यांचा ठाणे जिल्हा आजही जसाच्या तसा वाचता येतो.