हस्तभरण (नेमबाजी)

हस्तभरण म्हणजे रायफलीचे तयार काडतूस न वापरता पुंगळी, प्रायमर, दारू व गोळी हे चार सुटे घटक हाताने मोजून व जुळवून काडतूस सिद्ध करण्याची पद्धती होय. एकदा झाडलेली पुंगळी पुन्हा भरली असता त्या क्रियेस पुनर्भरण असेही म्हणतात. लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधी नेमबाजीत हस्तभरणाचा हेतू काडतुसाची शक्ती वाढविणे हा नसतो; प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखेच वागावे, हा असतो. भारतात परवान्याविना काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. शिवाय महाराष्ट्रात ज्या ५० मीटर रायफल प्रकाराने नावलौकिक मिळविला, त्यातील .२२ काडतूस पुन्हा भरता येत नाही. तेथे हेच उद्दिष्ट काडतुसांच्या निवड चाचणीने साधले जाते.

काडतुसाचे घटक

पुंगळी बहुधा पितळेची असते. या पितळेत साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. पितळी पट्टीतून कापलेल्या चकतीला प्रथम वाटीचा आकार देतात व ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. ओढताना धातू कठीण होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ केला जातो. स्फोटाच्या वेळी पुंगळी फुगून कक्षाच्या भिंतीस घट्ट बसते आणि वायू मागे निसटू देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते व बाहेर काढता येते. वारंवार वापराने तिची मान कठीण होऊन तडकू लागते.

प्रायमर म्हणजे आघाताने पेटणारी लहान टोपी. बॉक्सर व बर्डन या तिच्या दोन पद्धती १८६० च्या दशकात पुढे आल्या. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मध्यभागी एकच ज्योतछिद्र असल्याने जुनी टोपी सुईने सहज काढता येते. बर्डन पुंगळीत बहुधा दोन लहान छिद्रे असून आघाताची ऐरण पुंगळीचाच भाग असते; त्यामुळे ती पुन्हा भरणे जिकिरीचे होते.

धूरविरहित दारूचे वजन ग्रेन या एककात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. लक्ष्यवेधी गोळीच्या बाबतीत तिचे वजन, आकार व समतोल यांना महत्त्व असते. भार सर्व बाजूंनी सारखा नसलेली गोळी नळीतून गरगरत बाहेर पडल्यावर ठरलेल्या रेषेपासून ढळते.

सारखेपणाचे महत्त्व

वेगातील लहानसा फरक लक्ष्यावर किती मोठा होतो, हे साध्या गणिताने दाखविता येते. .२२ काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. हवेचा रोध सोडून दिल्यास ५० मीटर अंतर कापेपर्यंत ती सुमारे ११.६ सेंटिमीटर खाली येते. हाच वेग ३१५ मीटर असेल, तर ती सुमारे १२.४ सेंटिमीटर खाली येते. दोहोंतील फरक सात मिलिमीटरांहून थोडा अधिक आहे.

या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो व पुढील प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या आठ मिलिमीटरने वाढते. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना केवळ वेगातील फरकाने जवळजवळ एक गुण जाऊ शकतो. अंतर वाढेल तसा गोळीचा उड्डाणकाळ वाढतो आणि हा दोषही झपाट्याने वाढतो. एक हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांच्या स्पर्धेत हस्तभरणाला इतके महत्त्व येते, ते यामुळेच.

जुळणीची पद्धती

हस्तभरण करणारा प्रथम एकाच उत्पादकाच्या, एकाच गटातील पुंगळ्या निवडतो. झाडलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणली जाते, वाढलेली लांबी कापून सारखी केली जाते आणि प्रायमरची जागा स्वच्छ केली जाते. त्यानंतर प्रायमर बसविणे, दारू तोलून भरणे व गोळी ठराविक खोलीपर्यंत बसविणे हे टप्पे येतात. गोळी नळीतील खाचांना भिडण्यापूर्वी किती अंतर मोकळे जाते, यावर अचूकता बरीच अवलंबून असते. हे अंतर प्रत्येक रायफलीस निराळे मानवते. म्हणूनच एका रायफलीत उत्तम ठरलेली जुळणी दुसरीत सामान्य ठरू शकते.

दारूचे प्रमाण उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातील किमान आकड्यापासून सुरू करून अल्प टप्प्यांनी वाढविले जाते. अतिदाबाची चिन्हे दिसताच चाचणी थांबवितात. टोपी चपटी होणे, पुंगळी कक्षात अडकणे, बोल्ट जड उघडणे ही त्यांपैकी काही चिन्हे होत. एका वेळी एकच घटक बदलणे हा या कामाचा मूळ नियम आहे. दोन घटक एकदम बदलल्यास परिणाम कोणामुळे झाला, हे कळत नाही.

चाचणीचे मर्म

वेगमापकाने प्रत्येक गोळीचा वेग मोजून त्याचे प्रमाण विचलन काढतात, तर कागदावरील छिद्रांच्या पुंजावरून विखुरणे पाहतात. येथे नवख्यांची एक चूक नेहमी होते. पाच गोळ्यांचा एक सुबक पुंज दिसला, की जुळणी सापडली असे ते मानतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाच नोंदींवरून काढलेले प्रमाण विचलन फार अस्थिर असते: खरे मूल्य त्याच्या सुमारे ०.६ पटीपासून २.९ पटीपर्यंत कोठेही असण्याची शक्यता ९५ टक्के असते. वीस नोंदी घेतल्यास हीच मर्यादा सुमारे ०.७६ ते १.४६ पट इतकी आकसते. सबब चांगल्या पुंजाचा आनंद मानण्यापूर्वी तो पुन्हा पुन्हा मिळतो का, हे पाहणे आवश्यक ठरते.

.२२ काडतूस व निवड चाचणी

.२२ काडतुसात आघातद्रव्य पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत भरलेले असते. घोड्याच्या आघाताने ती कड चेपली जाते, त्यामुळे पुंगळी पुन्हा वापरता येत नाही. मात्र एकाच कारखान्यात, एकाच नावाने तयार झालेल्या निरनिराळ्या गटांतही सूक्ष्म फरक असतात. म्हणून इंग्लंडमधील इली, जर्मनीतील आरडब्ल्यूएस व मूळच्या फिनलंडच्या लापुआ यांसारख्या उत्पादकांच्या चाचणी केंद्रांत नेमबाजाची रायफल किंवा तिची नळी शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या गटांची काडतुसे झाडून पाहतात. जो गट त्या नळीत सर्वांत लहान पुंज देतो, त्याचा साठा नेमबाज विकत घेतो. नळी बदलली, की ही निवड नव्याने करावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

बदलापूर गाव ठाणे जिल्ह्यातील ज्या तालुक्यात येते, त्या तालुक्याचे मुख्य ठिकाण अंबरनाथ. तेथील आयुध निर्माणी पितळ व इतर मिश्रधातूंच्या कामासाठी ओळखली जाते. लहान शस्त्रांच्या काडतुसांना लागणाऱ्या पितळी वाट्या हे तिचे एक उत्पादन होय. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांची सात कंपन्यांत विभागणी झाल्यावर ती यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. प्रत्यक्ष काडतुसे तयार करणारे राज्यातील दोन प्रमुख कारखाने म्हणजे १८६९ मध्ये स्थापन झालेला पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आयुध निर्माणी. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी आद्याक्षरे आढळतात.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक पटकाविले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात आणि गुणाचा दहावा भाग लक्ष्यावर केवळ ०.८ मिलिमीटर असतो. त्या तुलनेत काडतुसातील सात मिलिमीटरांचा दोष किती मोठा आहे, हे उघड आहे.

कायदा व सुरक्षितता

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना लागतो आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व निर्मितीची यंत्रेही मोडतात. त्यामुळे इतर काही देशांत घरगुती छंद म्हणून चालणारे हस्तभरण भारतात तसे करता येत नाही.

तांत्रिक दृष्ट्याही यातील चूक अक्षम्य ठरू शकते. चुकीच्या प्रकारची किंवा दुप्पट भरलेली दारू रायफल फोडू शकते. दारू अतिशय कमी पडल्यास वा भरावयाची राहिल्यास गोळी नळीतच अडकते आणि मागून झाडलेली दुसरी गोळी नळी फाडते. या कारणाने अनुभवी मंडळी एका वेळी एकाच प्रकारची दारू मेजावर ठेवतात, गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत प्रकाश टाकून पाहतात आणि प्रत्येक जुळणीची तारीखवार नोंद ठेवतात.